पझलमधल्या अटी दिलेल्या क्रमाने घेऊ नका: बँकेच्या परीक्षेसाठी बैठक व्यवस्था सोडवण्याची रीत

कळव्यातल्या एका अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी मी बँकेच्या परीक्षा देणाऱ्या मुलामुलींबरोबर रीझनिंग (तर्कक्षमतेचे प्रश्न) सोडवत बसतो. माझी स्वतःची नोकरीही बँकेतलीच, रोजचा प्रवास ठाणे ते वाशी. तिसऱ्या प्रयत्नात लागलो. पहिल्या प्रयत्नात काय झालं ते आधी सांगतो.

रीझनिंगचा सेक्शन उघडला आणि समोर पझल आलं: आठ जण गोल टेबलाभोवती, काहींची तोंडं आत, काहींची बाहेर, आणि दिलेल्या अटींवरून कोण कुठे बसलंय ते शोधायचं. मी पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. दुसरं वाक्य पहिल्याला जोडलं, तिसरं दुसऱ्याला. पाचव्या वाक्याला सगळं अडलं. खोडलं, पुन्हा पहिल्यापासून. घड्याळाकडे पाहिलं तेव्हा वीसपैकी नऊ मिनिटं उरली होती आणि हातात एकही उत्तर नव्हतं. घाईघाईत पुढचे प्रश्न अंदाजपंचे मारले, त्यातल्या चुकलेल्या प्रत्येकाने पाव गुण नेला. निकाल काय लागला ते सांगायला नको.

मला पझल येत नव्हतं असं नाही. घरी येऊन तेच पझल आठवून मांडलं, चार मिनिटांत सुटलं. चूक क्रमाची होती. पेपर काढणारा अटी मुद्दाम विस्कटून देतो. ज्या अटीने दार उघडतं ती बहुतेक वेळा चौथी किंवा पाचवी असते. ती हुडकणं हेच खरं काम, बाकीचं नुसतं भरत जाणं.

आधी वेळेचं गणित

आयबीपीएसच्या (बँकांसाठी भरती परीक्षा घेणारी संस्था) क्लार्क प्रिलिम्समध्ये, म्हणजे पूर्वपरीक्षेत, रीझनिंगला ३५ प्रश्न आणि २० मिनिटं असतात. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ३४ सेकंद. त्यात पझल आणि बैठक व्यवस्थेचे गट साधारण पाच-पाच प्रश्नांचे येतात आणि सेक्शनचा मोठा वाटा तेच खातात. त्यांना टाळून भागत नाही, पण त्यांच्यापासून सुरुवातही करायची नाही. असमानता, न्यायनिगमन (विधानांवरून निष्कर्ष), सांकेतिक भाषा, दिशा, वर्णमालेचे सुटे प्रश्न हे आधी उरकायचे. माझ्याकडची मुलं हे सात-आठ मिनिटांत संपवतात. उरलेला वेळ पझल्सना.

त्यातही आधी सगळ्या पझल्सवर नजर टाकायची, प्रत्येकी फार तर पंधरा सेकंद. पाहायचं एवढंच: माणसं किती, प्रत्येकाबरोबर आणखी काय जोडायचंय (शहर, रंग, पगार), आणि एखादी ठाम अट दिसतेय का. 'अमुक टोकाला बसलाय', 'तमुक सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो' असं काही दिसलं तर ते पझल आधी. 'किती जण बसलेत हे माहीत नाही' अशी सुरुवात असलेली ओळ शेवटी, वेळ उरला तर. चार मिनिटं झाली आणि निम्म्या जागाही भरल्या नाहीत, तर मुकाट्याने सोडून पुढे जायचं. हे लिहायला सोपं आहे. केलेली मेहनत सोडवत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे.

'कडे' आणि 'कडून'

क्लार्कची परीक्षा मराठीतून देता येते आणि अनेक जण ती देतात. त्यांच्यासाठी एक खास खड्डा आहे. 'मीनल डावीकडून तिसरी आहे' म्हणजे ओळीच्या डाव्या टोकापासून मोजत तिसरी. 'मीनल सुधीरच्या डावीकडे तिसरी आहे' म्हणजे सुधीरपासून मोजायचं, सुधीरला धरायचं नाही. 'कडे' आणि 'कडून' एवढाच फरक, पण घाईत डोळा दोन्ही एकच वाचतो. वाचताना या शब्दाखाली बोट ठेवायची सवय लावा. वाक्य संदिग्ध वाटलं तर स्क्रीनवर भाषा बदलून इंग्रजी वाक्य एकदा पाहून घ्या.

तसाच दुसरा: 'दोघांच्या मध्ये दोन मजले आहेत' आणि 'तीन मजले खाली'. दोन्हींत फरक तीनचाच. पाचव्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये चौथा आणि तिसरा, असे दोन मजले. मध्ये किती ते दिलं असेल तर एक मिळवा, वर-खाली किती ते दिलं असेल तर तेवढंच घ्या.

एक ओळ, सावकाश

आता कागद घ्या. सात जण उत्तरेकडे तोंड करून एका ओळीत बसलेत: अनघा, भूषण, चारुता, दीपक, ईशान, गौरी, हेमंत. ठाण्याच्या फलाटावरचा लांब बाक डोळ्यांसमोर आणा. अटी अशा:

चारुता हेमंतच्या लगेच डावीकडे आहे. गौरी भूषणच्या शेजारी नाही. ईशान अनघाच्या डावीकडे कुठेही नाही. भूषण आणि अनघा यांच्यामध्ये एकच जण आहे. अनघाच्या डावीकडे जितके आहेत तितकेच उजवीकडे आहेत. गौरी आणि दीपक यांच्यामध्ये पाच जण आहेत.

बहुतेक जण 'चारुता, हेमंत' असं लिहून सुरुवात करतात आणि मग ही जोडी कुठे ठेवावी म्हणून पेन हवेत धरून बसतात. या जोडीला सहा जागा आहेत. सहा शक्यता मांडत बसणार का? तिला कागदाच्या कोपऱ्यात 'चह' असं लिहून चौकट करा आणि तिथेच राहू द्या.

सगळ्या अटी एकदा वाचा आणि विचारा: कुठली अट कुणालाही न विचारता जागा देते? पाचवी. दोन्ही बाजूंना सारखेच म्हणजे अनघा बरोबर मधे, चौथी. नंतर सहावी. सातांच्या ओळीत दोघांच्यामध्ये पाच जण म्हणजे दोघंही टोकाला. ही अट 'टोक' हा शब्द उच्चारत नाही, पण सांगते तेच. अशा वेषांतर केलेल्या ठाम अटी ओळखायला शिकलात की निम्मं पझल जिंकलं.

आता चौथी अट: अनघा चारवर, म्हणून भूषण दोनवर किंवा सहावर. इथे फाटा फुटतो. फाटा फुटला की एकच आकृती खोडत बसायचं नाही, दोन ओळी एकाखाली एक काढायच्या.

केस एक: भूषण दोनवर. गौरी त्याच्या शेजारी नको, म्हणजे ती एकवर नाही, सातवर. दीपक एकवर.
केस दोन: भूषण सहावर. मग गौरी सातवर नाही, एकवर. दीपक सातवर.

आता कोपऱ्यातली चौकट काढा. केस एकमध्ये रिकाम्या जागा तीन, पाच, सहा. 'चह' सलग बसायला हवेत, म्हणजे पाच-सहा, आणि ईशान तीनवर. केस दोनमध्ये रिकाम्या दोन, तीन, पाच. 'चह' दोन-तीनवर, ईशान पाचवर. उरली तिसरी अट: ईशान अनघाच्या डावीकडे नाही. केस एकमध्ये तो तीनवर, म्हणजे डावीकडेच. ती केस गेली.

ग च ह अ ई भ द

अटी आपण कुठल्या क्रमाने घेतल्या पाहा: पाचवी, सहावी, चौथी, दुसरी, पहिली, तिसरी. पेपरातली पहिली अट आपल्याकडे पाचव्या नंबरला आली. ठाम अट आधी, तिच्यावर टेकलेली अट नंतर, जोडी चौकटीत, आणि 'नाही' वाली अट फाटा तोडायला. हाच क्रम पुढच्या प्रत्येक पझलला लावायचा.

'नाही' असलेल्या अटींबद्दल जरा थांबून बोलतो, कारण मुलं त्यांना किरकोळ समजतात. ज्या अटीत 'नाही' आहे ती वाचल्याबरोबर कागदावर फुलीसकट लिहा: 'ग × भ'. डोक्यात ठेवली की ती विसरतेच, आणि मग दोन्ही केस शेवटपर्यंत जिवंत राहून तुमच्याकडे बघत बसतात. पोरं येऊन म्हणतात, "दादा, या पझलची दोन उत्तरं निघतात, प्रश्नच चुकलाय." प्रश्न क्वचित चुकलेला असतो. एखादं 'नाही' वापरायचं राहिलेलं असतं.

मजले आणि स्टेशनं

आता दोन पदरी पझल. सहा मजल्यांची इमारत, तळाच्या मजल्याला १ नंबर, सर्वांत वरच्याला ६. (परीक्षेत ही ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, आपल्या सोसायट्यांमध्ये पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा, इथे तसं नसतं.) प्रत्येक मजल्यावर एक जण: प्रिया, राहुल, सायली, तन्मय, उदय, विद्या. कामाला जातात ऐरोली, घणसोली, तुर्भे, वाशी, नेरूळ, बेलापूरला, प्रत्येक जण वेगळीकडे.

बेलापूरला जाणाऱ्याच्या लगेच वरच्या मजल्यावर विद्या आहे. प्रिया विषम क्रमांकाच्या मजल्यावर आहे. तिच्या आणि तुर्भेला जाणाऱ्याच्या मध्ये दोन मजले आहेत. नेरूळला जाणारी व्यक्ती ऐरोलीला जाणाऱ्याच्या लगेच खाली आहे. सायली तुर्भेला जाते. तन्मय वाशीला जातो आणि प्रियाच्या लगेच वर राहतो. उदय प्रियाच्या वर राहत नाही. राहुल तन्मयच्या तीन मजले खाली आहे.

इथे एकही अट थेट मजला सांगत नाही. मग सर्वांत जास्त वेळा कोणाचं नाव आलंय ते मोजा. प्रिया. तिचा मजला विषम, म्हणजे १, ३ किंवा ५. तीनच शक्यता, त्या कागदावर तीन उभ्या रांगा करून मांडा. प्रत्येक रांगेत दोन रकाने, डावीकडे नाव, उजवीकडे स्टेशन.

तन्मय तिच्या लगेच वर, म्हणजे अनुक्रमे २, ४, ६. राहुल तन्मयच्या तीन मजले खाली: २ मधून ३ गेले तर मजलाच उरत नाही, पहिली रांग संपली. दुसऱ्या रांगेत राहुल १ वर, तिसऱ्यात ३ वर.

तुर्भे प्रियापासून तीनच्या फरकावर. प्रिया ३ वर असेल तर तुर्भे ६ (शून्य मजला नसतो), ५ वर असेल तर २. सायली तुर्भेची, म्हणजे तीही तिथेच बसली.

आता विद्या. दुसऱ्या रांगेत उरलेत मजले २ आणि ५. विद्या ५ वर असेल तर तिच्या खाली ४ वर बेलापूर हवं, पण तिथे तन्मय वाशीचा आहे. म्हणून विद्या २ वर, उदय ५ वर. तिसऱ्या रांगेत उरलेत १ आणि ४. विद्या १ वर असेल तर तिच्या खाली कोणीच नाही, म्हणून ४ वर, उदय १ वर. दोन्हींत बेलापूरचा राहुल निघाला.

आणि आता 'नाही' वाली अट. उदय प्रियाच्या वर नाही. दुसऱ्या रांगेत तो ५ वर आणि प्रिया ३ वर, रांग गेली. तिसरी राहिली. स्टेशनं उरलीत ऐरोली, घणसोली, नेरूळ. माणसं उरलीत प्रिया ५ वर, विद्या ४ वर, उदय १ वर. नेरूळ ऐरोलीच्या लगेच खाली, म्हणून ऐरोली प्रियाची, नेरूळ विद्याचं, घणसोली उदयचं.

वरून खाली: तन्मय वाशी, प्रिया ऐरोली, विद्या नेरूळ, राहुल बेलापूर, सायली तुर्भे, उदय घणसोली.

एक इशारा. ट्रान्सहार्बरने (ठाणे-वाशी लोकलने) रोज जाणारी मुलं स्टेशनांची नावं दिसली की ऐरोलीनंतर रबाळे, मग घणसोली असा खरा क्रम मनात लावतात. पझलमध्ये तो क्रम दिलेला नसेल तर तो नाहीच. तसंच नावावरून बाई की पुरुष हेही ठरवायचं नाही, विशेषतः नातेसंबंधांच्या पझलमध्ये. जे लिहिलंय तेवढंच.

समोरासमोरच्या दोन ओळी

हे शिकवायला मला फळा लागत नाही. लोकलमध्ये खिडकीशी बसा. खिडकी तुमच्या डाव्या हाताला असेल, तर तुमच्या समोर खिडकीशी बसलेल्या माणसाच्या उजव्या हाताला असते. खिडकी एकच, हात वेगळे. दोन समांतर ओळींच्या पझलमध्ये नेमकं हेच असतं.

कागदावर खालची ओळ उत्तरेकडे पाहणारी काढा, वरची दक्षिणेकडे. खालच्यांचा डावा-उजवा हात तुमच्यासारखाच. वरच्यांचा उलटा: त्यांचा उजवा म्हणजे कागदाचा डावा. वरच्या ओळीच्या दोन्ही टोकांना लहान अक्षरांत 'उ' आणि 'डा' लिहूनच ठेवा, डाव्या टोकाला 'उ'. दोन सेकंद जातात, पण पुढे प्रत्येक अटीला डोकं फिरवावं लागत नाही. 'समोर बसलेल्याच्या उजवीकडे दुसरा' अशी अट आली की आधी समोरच्यावर बोट ठेवा, मग तो कुठल्या ओळीत आहे ते पाहून मोजा. पहिल्या माणसाच्या ओळीचे हात वापरणं ही यातली नेहमीची चूक.

गोल, आणि बाहेर तोंड करणारे

माझी अकरा मिनिटं खाल्ली ती ही जात. यावर मी नंतर एकच उपाय धरला: जागांना नंबर. वर्तुळाच्या तळाशी, तुमच्या पोटाजवळ, १. तिथून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने २, ३ असं ८ पर्यंत. आत तोंड असलेल्याचा उजवा हात वाढत्या नंबरकडे, डावा कमी होणाऱ्या नंबरकडे. बाहेर तोंड असलेल्याचं बरोबर उलटं. उजवं-डावं संपलं, अधिक-उणे राहिलं. आठच्या पुढे गेलं तर आठ वजा करा, शून्य किंवा त्याखाली गेलं तर आठ मिळवा. आणि समोरचा म्हणजे चारचा फरक.

अ जागा १ वर, तोंड आत. ब त्याच्या उजवीकडे तिसरा: १ अधिक ३, म्हणजे ४. च हा ब च्या डावीकडे दुसरा. ब चं तोंड कुठे ते अजून माहीत नाही. आत असेल तर ४ उणे २, च दोनवर. बाहेर असेल तर ४ अधिक २, च सहावर. या क्षणी थांबायचं आणि दोन वर्तुळं काढायची. 'बहुतेक आतच असेल' म्हणत एकच वर्तुळ पुढे रेटलं, तिथेच मी बुडालो होतो. ज्याचं तोंड कळलं त्याच्या अक्षराजवळ लगेच लहान बाण, आत किंवा बाहेर. बाण नसलेल्या माणसाच्या उजव्या-डाव्या हाताची अट आली, की ती वापरण्याआधी त्याचं तोंड सांगणारी दुसरी अट शोधा.

तीनपेक्षा जास्त केस होत असतील तर तुम्ही चुकीच्या अटीपासून सुरुवात केलीय. परत अटींकडे जा. केस वाढवत नेणं म्हणजे कागद भरणं, तेवढंच.

घरचा सराव

रोज वीस पझल्स सोडवणाऱ्यांपेक्षा रोज पाच सोडवून त्यातलं एक उलगडून पाहणारी मुलं पुढे जाताना मी पाहिलीत. उलगडणं म्हणजे सुटलेलं पझल परत घेऊन अटींना नंबर टाकायचे: आपण कुठली आधी वापरली, आणि कुठली आधी वापरायला हवी होती. दिघ्याहून येणारी एक मुलगी हे लोकलमध्ये करते. सोडवत नाही, फक्त अटींना नंबर टाकते. ऐरोलीला चढलेली गर्दी कोपरखैरणेला उतरेपर्यंत तिची तीन पझल्स होतात. महिन्याभरात तिचा वेळ पझलमागे सहा मिनिटांवरून साडेतीनवर आला.

मॉक टेस्ट देताना कच्चं काम वहीच्या रेघांवर करू नका, कोऱ्या पाठकोऱ्या कागदावर करा. केंद्रावर कोराच कागद मिळतो, आणि रेघांची सवय असलेल्याची उभी रांग कोऱ्या कागदावर तिरकी जाते, मग पाचवा मजला चौथ्याच्या नावासमोर येतो. हसू नका, झालंय.

दुसरा सराव म्हणजे सुटलेल्या पझलची एक अट बदलायची. वरच्या ओळीतली ईशानची अट काढा आणि तिच्या जागी लिहा: 'हेमंत टोकावरच्या व्यक्तीच्या शेजारी आहे.' आता केस दोन जाते, केस एक राहते आणि ओळ होते द भ ई अ च ह ग. आधीच्या ओळीशेजारी ठेवून पाहा. दीपक, भूषण, ईशान, गौरी आरशात पाहिल्यासारखे पलटले, अनघा मधेच राहिली, पण 'चह' पलटून 'हच' झाले नाहीत. 'मध्ये पाच', 'मध्ये एक', 'शेजारी नाही' या अटींना डावं-उजवं कळत नाही. 'लगेच डावीकडे' या अटीला कळतं.